आधी जाडी, मग रंग

लेथवर काम करणाऱ्या कारागिराच्या हाती शाफ्टचे ड्रॉइंग येते, तेव्हा त्या कागदावर नुसत्या रेषा असतात. एक रेषा शाफ्टची दिसणारी कड, दुसरी आतल्या भोकाची न दिसणारी कड, तिसरी शाफ्टचा अक्ष आणि चौथी माप लिहिण्यापुरती ओढलेली. पहिल्या दोन धातूत खरोखर असतात; उरलेल्या दोन धातूत कुठेच नसतात. चारही रेषा एकाच जाडीने आणि सलग ओढल्या, तर कारागिराला प्रत्येकीपाशी थांबून ‘ही कशाची?’ असे ठरवावे लागेल, आणि एकदा जरी चुकले तरी तुकडा भंगारात जाईल. तांत्रिक आरेखनाची सारी कला हा प्रश्न मनात उठण्याआधीच त्याचे उत्तर देण्यात आहे. त्यासाठी आरेखकाकडे तीन साधने असतात : रेषेची जाडी, तिचा प्रकार (सलग, तुटक, साखळी) आणि रंग. या तिघांचा अधिकार सारखा नाही, हे या लेखात मांडायचे आहे. अर्थ सांगण्याचे काम जाडीचे आणि प्रकाराचे. रंगाने तो अर्थ ठळक करावा, पण एकट्याने कधीही वाहू नये.

जाडीचा हा अधिकार परंपरेने बहाल केलेला नाही, त्यामागे गणित आहे. आयएसओच्या मानकांनी रेषांच्या जाड्यांची एक मालिका ठरवली आहे : ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.०, १.४ आणि २.० मिलिमीटर. हे आकडे आडवेतिडवे वाटतात, पण प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतक्या पट आहे. कागदांची ए-मालिकाही याच गुणोत्तरावर उभी आहे. ए१ कागद ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा, ए२ कागद ४२० बाय ५९४ चा. म्हणून ए१ वरचे ड्रॉइंग ए२ वर छोटे केले, की ०.७ ची रेषा ०.५ होते आणि ०.५ ची ०.३५. मालिकेतली एक जाडी तिच्याच खालच्या जाडीवर उतरते. छोट्या प्रतीत दुरुस्ती करायची असेल तर तिला जुळणारे पेन पेटीत असतेच. अक्षरेही याच हिशेबात बसवलेली आहेत. नेहमीच्या अक्षरप्रकारात रेषेची जाडी अक्षराच्या उंचीच्या एकदशांश धरतात, ०.३५ च्या पेनने ३.५ मिलिमीटरचे अक्षर, ०.५ च्या पेनने ५ मिलिमीटरचे. कागद, रेषा आणि अक्षर एकाच सूत्रात ओवणारी अशी व्यवस्था रंगांसाठी कुणालाही रचता आलेली नाही, कारण रंगाला लहानमोठे करता येत नाही.

रंग आणि जाडी यांचा जुना संबंधही हेच सांगतो. शाईच्या नळीदार पेनांच्या काळात प्रत्येक जाडीला ओळखीचा रंग होता : ०.१८ ला लाल, ०.२५ ला पांढरा, ०.३५ ला पिवळा, ०.५ ला तपकिरी, ०.७ ला निळा. पण तो रंग पेनावर असे. कागदावर काळीच शाई उतरे. हाताला योग्य पेन पटकन सापडावे, एवढेच त्याचे काम. १९८२ साली ऑटोकॅड आले. पडद्यावरच्या रंगांना क्रमांक मिळाले : एक लाल, दोन पिवळा, तीन हिरवा, चार आकाशी निळा, पाच निळा, सहा किरमिजी, सात पांढरा. प्लॉटर हा क्रमांक वाचून ठरावीक पेन उचलत असे. लाल रेषा म्हणजे ‘अमुक जाडीच्या पेनाची रेषा’, इतकाच तिचा अर्थ. ऑटोकॅड २००० मध्ये जाडी हा रेषेचा स्वतंत्र गुण म्हणून नोंदवता येऊ लागला, तोवर रंग जाडीचा निरोप्या होता. आज अनेक कार्यालयांत तो निरोप विसरला गेला आहे आणि निरोप्या मात्र उरला आहे. पडद्यावर सात रंग झळकतात आणि छापील कागदावर सगळ्या रेषा एकाच जाडीने उतरतात. ड्रॉइंगे वाचायला जड होण्याचे एक मोठे कारण हे आहे.

जाडी किती प्रकारची असावी, यालाही ठरलेले उत्तर आहे. यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये साधारणपणे दोनच जाड्या पुरतात आणि त्यांचे प्रमाण दोनास एक असते : कडा ०.५ ने, तर मापरेषा, मध्यरेषा आणि छेदातले हॅचिंग ०.२५ ने. मालिकेतली लगतची पायरी न घेता एक पायरी सोडून पुढची का घ्यायची? कारण १.४ पटीचा फरक दोन रेषा शेजारी असतानाच कळतो. दुप्पट फरक रेषा एकटी असली तरी ओळखू येतो, आणि वाचणाऱ्याची नजर एका वेळी एकाच रेषेवर असते. वास्तुरचनेत तिसरी, आणखी जाड पायरी लागते. तिथे छेदात कापली गेलेली भिंत सर्वांत ठळक, तिच्यामागे दिसणाऱ्या दार-खिडक्या मध्यम आणि फरशीचे सांधे बारीक अशी उतरंड लावली, की सपाट कागदाला खोली येते. चौथी-पाचवी पायरी घालून मात्र स्पष्टता वाढत नाही, कारण तेवढ्या पायऱ्या डोळा लक्षात ठेवत नाही. भारतीय मानक ब्युरोने शाळा-महाविद्यालयांसाठी १९८८ साली काढलेल्या ‘एसपी ४६’ या पुस्तिकेत हे नियम आहेत. समांतर रेषांत ०.७ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवू नये, दोन रेषा एकमेकींवर आल्या तर दिसणारी कड आधी, मग लपलेली कड आणि त्यानंतर मध्यरेषा असा मान द्यावा, हेही तिथे सांगितले आहे. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलामुलींच्या हाताला हे वळण लागते, आणि चांगला आरेखक त्या वळणावरूनच ओळखला जातो.

आता रंगाकडे वळू. रेषा बारीक असते, आणि बारीक गोष्टीचा रंग ओळखण्यात माणसाचा डोळा कमी पडतो. उजेड-अंधारातला भेद तो फार सूक्ष्मपणे टिपतो. रंगातला भेद त्या मानाने ढोबळपणे. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. त्यामुळे जाड निळा पट्टा निळा दिसतो, पण ०.१८ ची निळी रेषा आणि तेवढीच काळी रेषा यांत फरक करणे कठीण जाते. शिवाय रेषा उठून दिसणे हे तिच्या रंगाच्या नावावर नसून पार्श्वभूमीच्या तुलनेत ती किती उजळ वा गडद आहे, यावर ठरते. पडद्यावरच्या शुद्ध रंगांचा वेबसाठीच्या प्रचलित सूत्राने हिशेब मांडला, तर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्याचा विरोध सुमारे १९.६ पट येतो आणि निळ्याचा जेमतेम २.४ पट. पांढऱ्यावर तेच उलटते : निळा ८.६, लाल ४, हिरवा १.४ आणि पिवळा केवळ १.०७. काळ्या पडद्यावर सर्वांत ठसठशीत वाटणारी पिवळी रेषा पांढऱ्या कागदावर नाहीशी होते. रंगांची निवड काळ्या पडद्यासमोर बसून होते आणि वाचन पांढऱ्या कागदावर. ड्रॉइंग बिघडते ते या दोहोंच्या मधे. त्यात लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या व्यक्तीही असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे १२ मागे १ असे आहे. आपल्याकडे ते कमी असले, तरी साइटवरचा मिस्त्री त्यांतला नसेल असे गृहीत धरून ड्रॉइंग काढता येत नाही.

दुसरा पुरावा प्रतींचा. तांत्रिक ड्रॉइंग मूळ रूपात क्वचितच वाचले जाते. ते प्रतींमधून जगते. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या लोहक्षारांच्या पद्धतीतून पुढे ब्लूप्रिंट निघाली, आणि तिच्यात प्रत्येक रेषा निळ्यावर पांढरी होई. नंतर अमोनिया प्रिंट आली, मग झेरॉक्स. आपल्या सरकारी खात्यांत आरेखकाबरोबर अनुरेखक हे पद होते, ते प्रती काढण्याजोगे मूळ ड्रॉइंग पारदर्शक कागदावर नीट उतरावे म्हणूनच. या साऱ्या प्रवासात रंग पहिल्याच मुक्कामावर गळतो, जाडी आणि प्रकार मात्र टिकतात. पीडीएफ मोबाइलवर जाते हे खरे, पण साइट ऑफिसमधल्या प्रिंटरवर ती पुन्हा काळी-पांढरी होऊनच निघते.

यावर पहिला आक्षेप असा, की महापालिकेत मंजुरीला जाणारे नकाशे तर रंगांवरच चालतात. राष्ट्रीय इमारत संहितेत प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळे, अस्तित्वात असलेला रस्ता हिरवा असे कोष्टकच आहे. पण ते कोष्टक नीट वाचले, की ते माझ्याच बाजूने साक्ष देते. प्रस्तावित काम लाल ‘भरलेले’ असते, पाडायचे काम पिवळ्या ‘हॅचिंगचे’, मलवाहिनी लाल ‘तुटक’, पाण्याची वाहिनी काळी ‘तुटक आणि बारीक’, भूखंडाची हद्द ‘जाड’ काळी. बहुतेक जागी रंगाच्या सोबतीला आकार आहे, आणि जिथे रंग आहे तिथे तो बहुधा भरलेल्या क्षेत्रावर आहे, जिथे तो डोळ्याला ओळखू येतो. मुंबई मेट्रोच्या नकाशाचेही तेच. रंगीत मार्ग जाड पट्ट्यांनी दाखवतात, आणि निळ्या, पिवळ्या, लाल मार्गिकांना १, २अ, ७ असे क्रमांकही आहेत. रंग विसरला तरी प्रवासी चुकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आता त्रिमितीय मॉडेलमध्ये काम होते. पाइप, वायरिंग, सळया यांचे जाळे एकाच पडद्यावर असते आणि तिथे रंगावाचून निभाव लागत नाही. हे मला मान्य आहे. जिथे अनेक यंत्रणा एकमेकींत गुंततात, तिथे रंग वर्गवारी करतो आणि ती तो उत्तम करतो. कारखान्यातल्या पाइपांनाही मानकाने पाण्यासाठी समुद्री हिरवा, हवेसाठी आकाशी निळा असे रंग दिले आहेत. ड्रॉइंगनेही ते पाळावेत. पण ‘हा पाइप कोणत्या यंत्रणेचा’ आणि ‘ही रेषा कड आहे की अक्ष’ हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर रंगाने द्यावे, दुसऱ्याचे जाडीने. दोन्ही उत्तरे रंगाकडूनच मागितली, की ती एकमेकांत मिसळतात. रंग वापरलाच तर त्याचा अर्थ ड्रॉइंगवर लिहावा.

तिसरा आक्षेप काटेकोरपणाचा : १:१०० च्या नकाशात ०.५ मिलिमीटरची रेषा प्रत्यक्षात ५० मिलिमीटर जागा व्यापते, मग जाड रेषेने अचूकता जात नाही का? जात नाही, कारण अचूकता रेषेत नसते, लिहिलेल्या मापात असते. ड्रॉइंगवर पट्टी लावून माप काढू नये, हा नियम त्यासाठीच आहे. माप आकड्याने सांगायचे एकदा ठरले, की रेषा फक्त ओळख पटवण्यासाठी मोकळी होते.

यातून निवडीचा क्रम आपोआप ठरतो. आधी ड्रॉइंग कोणत्या आकारात वाचले जाणार ते पाहावे. ए१ चे ए३ केले की जाड्या निम्म्या होतात, तेव्हा ०.२५ ची रेषा ०.१३ वर येऊन तग धरते, ०.१८ ची रेषा मालिकेच्याही खाली जाते. म्हणजे सर्वांत बारीक रेषा ०.२५ हवी. तिच्या दुप्पट कडांची, चौपट छेदाची. मग रेषांचे प्रकार ठरवावेत, आणि रंग सर्वांत शेवटी : मोजके तीन-चार, गडद, पांढऱ्यावर टिकणारे. पिवळा रेषेला देऊ नये, हवा तर भरण्याला द्यावा. आरेखकांना, त्यांना शिकवणाऱ्यांना आणि ड्रॉइंगवर सही करणाऱ्या अभियंत्यांना माझी विनंती एकच आहे : ड्रॉइंग बाहेर पाठवण्याआधी त्याची एक काळी-पांढरी प्रत ए३ वर काढा आणि ते न काढलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्या. त्याला एकही प्रश्न विचारावा लागला नाही, तर मगच सही करा.