घरीं बांधलेल्या विमानाचा उपकरणफलक

गोंदिया आणि तुमसर यांच्या दरम्यान, मुंबई-हावडा लोहमार्गावर, तिरोडा हें तालुक्याचें गांव आहे. धानाच्या बांध्या, विड्यांचा धंदा आणि अलीकडच्या काळांत उभें राहिलेलें ३,३०० मेगॅवॅटचें औष्णिक वीजकेंद्र यांमुळें त्याचें नांव बाहेर ऐकूं येतें. विमानविद्येशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. परंतु गोंदियाजवळ बिरसी येथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें धावपट्टी बांधली, आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकांत तिचा जीर्णोद्धार होऊन तेथें वैमानिकांचें शिक्षण सुरू झालें. तेव्हांपासून या टापूंत धानाच्या बांधींत उतरणारी सारसांची जोडी दृष्टीस पडणें जितकें दुर्मिळ, तितकेंच डोक्यावरून घिरट्या घालीत जाणारें लहान विमान दिसणें नित्याचें झालें आहे.

अशा विमानाकडे पाहणाऱ्या मुलांच्या तोंडीं एक प्रश्न हटकून येतो, तो हा कीं, असें विमान घरीं बांधतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांतच मिळालेलें आहे. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलीच्या चारकोप भागांत आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान वर्षानुवर्षें खपून बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईंत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें त्याची नोंद करून घेतली. आणि ऑगस्ट २०२० मध्यें धुळ्याच्या धावपट्टीवरून त्यानें चाचणीचें उड्डाण केलें. अमेरिकेंत तर १९५३ सालीं पॉल पोबरेझ्नी यांनीं मिलवॉकी येथें हौशी विमानकारांची संस्था स्थापन केली, आणि तेव्हांपासून हजारों लोकांनीं आपापल्या मोटारखान्यांत विमानें जुळविलीं आहेत.

अशा कामाची हकीकत सांगतांना लोक पंखांविषयीं व एंजिनाविषयीं बोलतात. चालकासमोर बसविलेल्या उपकरणफलकाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. चार तबकड्या व चार कळा बसविल्या कीं झालें, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक विमान किती वेगानें जात आहे, चढत आहे कीं उतरत आहे, हें चालकास फलकच सांगतो. आणि कांहीं प्रसंग असे येतात कीं, त्या वेळीं स्वतःच्या शरीराची साक्ष बाजूस सारून फलकाची साक्ष खरी मानावी लागते. म्हणून हा फलक कसा मांडावा, कसा बसवावा व कसा पारखावा, याचा विचार येथें करूं.

शरीर फसवितें तें कसें? आपल्या कानाच्या आंतल्या भागांत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोकें फिरलें कीं द्रव क्षणभर मागें राहतो आणि त्यावरून वळल्याची जाणीव होते. पण विमान एका संथ गतीनें वळतच राहिलें, तर थोड्याच वेळांत द्रवही त्याच गतीनें फिरूं लागतो आणि ती जाणीव नाहींशी होते. मग विमान सरळ केलें असतां आपण उलट दिशेस वळत आहों असा भास होतो. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तोंवर हा भास टिकत नाहीं. ढगांत किंवा काळोखांत मात्र डोळ्यांचा हा आधार जातो. १९५४ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें, उपकरणांवर उडण्याचें शिक्षण न मिळालेल्या वीस जणांवर प्रयोग केला. बाहेरचें दिसेनासें झाल्यापासून विमान ताब्यांतून सुटेपर्यंत त्यांना सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे पुरतीं तीन मिनिटेंही नव्हेत.

याच्या उलट, २४ सप्टेंबर १९२९ रोजीं न्यूयॉर्कजवळच्या मिचेल मैदानावर जेम्स डूलिटल यांनीं आपल्या आसनावर आच्छादन ओढून घेतलें आणि बाहेरचें कांहींएक न पाहतां विमान उडविलें, वळविलें व सुखरूप उतरविलें. सावधगिरीसाठीं सोबत दुसरा वैमानिक होता, परंतु त्यास सुकाणूला हात लावावा लागला नाहीं. डूलिटल यांच्यापुढें स्पेरीचें कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक भोंवरा आणि कोल्समनचा सूक्ष्म उंचीमापक हीं उपकरणें होतीं.

अशीं उपकरणें कोठेंही बसवून चालत नाहीं. १९३७ सालीं ब्रिटिश हवाई दलानें सहा तबकड्यांची एकच मांडणी ठरविली. पुढें तींत थोडा फेरफार होऊन आज वरच्या ओळींत डावीकडून वायुवेगमापक, कृत्रिम क्षितिज व उंचीमापक, आणि खालच्या ओळींत वळणदर्शक, दिशादर्शक व चढउतारदर्शक असा क्रम रूढ आहे. आपल्या देवघरांतील पंचायतनांत मध्यें कोणती देवता आहे हें कळलें कीं बाकीच्या चौघांच्या जागा ठरलेल्या असतात, आणि पूजा करणारा परगांवचा असला तरी त्याचा हात चुकत नाहीं. तसेंच येथें कृत्रिम क्षितिज मध्यें असतें. चालकाची नजर तेथून निघून शेजारच्या तबकडीवर जाते व पुन्हां तेथेंच येते. घरीं विमान बांधणाऱ्यास कोणतीही नवी मांडणी करण्याची मोकळीक असते. परंतु ज्या क्रमानें तो उडण्यास शिकला तो क्रम मोडला, तर संकटसमयीं त्याचे डोळे जुन्या जागीं नवें उपकरण शोधतील.

या सहांपैकीं तीन उपकरणें केवळ हवेच्या दाबावर चालतात. हेन्री पिटो या फ्रेंच अभियंत्यानें १७३२ सालीं सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठीं जी नळी वापरली, तिचेंच रूप विमानाच्या पंखाखालीं समोर तोंड करून बसवितात. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब या नळींतून येतो, तर विमानाच्या कुशीवरील बारीक छिद्रांतून स्थिर हवेचा दाब येतो. दोहोंच्या फरकावरून वेग कळतो. एकट्या स्थिर दाबावरून उंची कळते. आणि तो दाब किती त्वरेनें बदलतो यावरून चढउतार कळतो. जमिनीजवळ एक मिलिबार दाब म्हणजे सुमारें तीस फूट उंची. तेव्हां उंचीमापकावर स्थानिक दाब लावण्यांत दहा मिलिबारांची गफलत झाली, तर उंचींत तीनशें फुटांचा फरक पडतो.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पत्रा कापण्यापूर्वीं फलकाची पूर्ण मापाची प्रतिकृति जाड पुठ्ठ्याची करावी, तींवर कागदी तबकड्या चिकटवाव्यात, आणि ती आसनासमोर उभी करून पट्टे आवळून बसावें. प्रत्येक कळेपर्यंत हात पोंचतो काय, सुकाणूचा दांडा पुढें रेटला असतां बोटें कोठें अडकतात काय, हें दोन-चार दिवस पाहावें. उपकरणांची खोली फलकामागें असते व ती दिसत नाहीं. म्हणून मागील नळ्या, तारा व आधारपट्ट्या यांसाठीं पुरेशी जागा आहे कीं नाहीं हेंही आधींच मोजावें.

मांडणी पसंत पडली म्हणजे अल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सुमारें दीड ते सव्वादोन मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा. मुख्य तबकड्यांचीं भोंकें सुमारें ७९ मिलिमीटर व्यासाचीं आणि लहानांचीं सुमारें ५७ मिलिमीटरांचीं असतात. भोंक पाडल्यावर कड कानशीनें घांसून गुळगुळीत करावी. कारण कडेस राहिलेल्या बारीक खांचेपासूनच हादऱ्यांनीं पत्रा चिरत जातो. रंग मंद, चकाकी नसलेला द्यावा, म्हणजे वैशाखांतील उन्हांतही कांटे स्पष्ट दिसतात. भोंवऱ्यावर चालणारीं जुन्या पद्धतीचीं उपकरणें असतील तर फलक रबरी आधारांवर बसवितात. पण रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून फलक आणि विमानाचा सांगाडा तांब्याच्या विणलेल्या पट्टीनें जोडावा लागतो. होकायंत्राजवळ लोखंडी स्क्रू चालत नाहींत, पितळेचे घालावेत, आणि जास्त प्रवाहाची वायर तेथून दूर न्यावी.

कळांच्या बाबतींत दुसऱ्या महायुद्धांतील एक अनुभव ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. विमान सुखरूप उतरल्यावर कित्येक अमेरिकन वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजीं चाकेंच मिटीत, आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञानें पाहिलें, तों दोन्ही कळा शेजारीं-शेजारीं व एकसारख्या होत्या. त्यानें चाकांच्या कळीस चाकासारखें आणि झडपांच्या कळीस पाचरीसारखें टोक बसवून घेतलें, म्हणजे हातास न पाहतांही भेद कळावा. घरच्या फलकावरही प्रत्येक कळेखालीं तिचें नांव, आणि मागें प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांस क्रमांक असावा. हें काम घरांतील नीटस हाताचा कोणीही करूं शकतो, आणि पांच वर्षांनीं दुरुस्ती निघाली म्हणजे त्याची खरी किंमत कळते.

फलक बसला तरी तो पारखल्यावांचून उडूं नये. स्थिर दाबाच्या नळींतील हवा अगदीं हळू ओढून उंचीमापक हजार फूट चढवावा, नळी बंद करावी व एक मिनिट थांबावें. तेवढ्यांत कांटा शंभर फुटांहून अधिक उतरला तर कोठें तरी गळती आहे, आणि ती सांपडेपर्यंत पुढचें काम थांबवावें. नळींत तोंडानें फुंकर कधींही मारूं नये. आंतील नाजूक डब्या तेवढ्यानें निकामी होतात. होकायंत्रासाठीं विमान मोकळ्या मैदानांत नेऊन तीस-तीस अंशांनीं फिरवावें आणि प्रत्येक दिशेस पडणारा फरक कागदावर लिहून तो कागद होकायंत्राशेजारीं लावावा.

ही पारख एकदां केली म्हणजे संपली असें नाहीं. आपल्याकडे भिंतीच्या कोपऱ्यांत मातीचें घर करणारी कुंभारीण माशी सर्वांच्या परिचयाची आहे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजीं डोमिनिकन प्रजासत्ताकांतील पुएर्तो प्लाता येथून निघालेल्या प्रवासी विमानाची एक पिटो नळी तुंबलेली होती, आणि अशाच जातीच्या माशीनें तींत घर केलें असावें असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. कांटा खोटाच जास्त वेग दाखवीत राहिला आणि १८९ माणसें दगावलीं. त्याच वर्षीं २ ऑक्टोबरला पेरू देशांत विमान धुतांना स्थिर दाबाच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहून गेली, आणि ७० जण समुद्रांत बुडाले. तीं विमानें मोठमोठ्या कारखान्यांत बनलेलीं होतीं. म्हणून घरच्या विमानाच्या नळीवर उभें असतांना टोपण घालावें, त्यास लांब तांबडी फीत बांधावी, आणि उड्डाणापूर्वीं तें निघालें कीं नाहीं हें स्वतःच्या हातानें चाचपावें.

बिरसीच्या शिकाऊ विमानांत आतां सहा तबकड्यांच्या जागीं दोन मोठे पडदे आले आहेत, व हौशी विमानकारही तेच पसंत करतात. पडदे हलके असतात आणि पुष्कळ माहिती एकत्र दाखवितात. परंतु वीज गेली तर सर्वच एकदम मालवतें. त्यामुळें वेग, उंची व क्षितिज यांचीं स्वतंत्र चालणारीं लहान उपकरणें शेजारीं ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो सोडूं नये.

फलक कितीही चांगला झाला तरी त्याची एक मर्यादा आहे. एप्रिल २०१७ मध्यें बिरसीचें एक शिकाऊ विमान वैनगंगेच्या पात्रावर आडव्या ताणलेल्या तारेला अडकून नदींत कोसळलें, आणि आंतील शिक्षक व विद्यार्थिनी दोघेंही मृत्यु पावलीं. नदीवरची तार कोणत्याही तबकडीवर उमटत नाहीं. स्वच्छ हवेंत डोळे बाहेर ठेवावेत आणि बाहेरचें दिसेनासें झालें कीं ते फलकावर आणावेत, हा विवेक वैमानिकासच करावा लागतो.

विमान बांधण्यास पैसा, जागा व सरकारची परवानगी लागते, आणि तीं सर्वांस साधणार नाहींत. पण पुठ्ठा, फूटपट्टी व कात्री हीं तिरोड्याच्या कोणत्याही घरांत मिळतील. ज्या मुलास या विद्येची खरी आवड आहे, त्यानें कागदी फलक करून खुर्चीपुढें ठेवावा आणि नजर कोणत्या तबकडीवरून कोणत्या तबकडीवर न्यावयाची याचा अभ्यास करावा. वडील मंडळींनीं त्यास पोरखेळ म्हणूं नये. पुढें खरा फलक त्याच्या हातून झालाच, तर त्यांतील सांधा न् सांधा त्यानें चोख केलेला असला पाहिजे. कारण ढगांत शिरल्यावर कांट्यावर विश्वास ठेवण्याची पाळी त्याच्यावरच येणार आहे.