भंगारात निघालेली शस्त्रे संग्राह्य का ठरतात?

तंजावरच्या मराठा राजवाड्यातील शस्त्रागार एकोणिसाव्या शतकात मोडीत निघाले. त्यातून वाचलेल्या कट्यारी आज चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही तंजावरच्या कट्यारी आहेत. ज्या शस्त्राला एके काळी गिऱ्हाईक उरले नव्हते, त्याच्यासाठीच संग्राहक पुढे चढाओढ का करतात, याचे उत्तर या शस्त्रागाराच्या इतिहासात मिळते.

उपयोग संपला, किंमत घसरली

व्यंकोजीराजे भोसले यांनी 1675 च्या सुमारास तंजावरात मराठी सत्ता स्थापन केली. त्यापूर्वीच्या नायक राजवटीतील शस्त्रपरंपराही तेथे टिकून राहिली. तेथील कट्यारींच्या मुठीवर हाताच्या रक्षणासाठी पानाच्या आकाराचे लोखंडी आच्छादन असे. पाती मात्र अनेकदा युरोपातून आलेली असत.

सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात, 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि ही शस्त्रे केवळ मानचिन्हे बनली. 1855 मध्ये शिवाजीराजे दुसरे पुरुष वारसाविना निधन पावले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. पुढे 1860 च्या दशकात निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयासाठी राखून उरलेली बहुतांश मोडून धातूच्या भावाने विकण्यात आली. एन्फील्ड रायफलीच्या त्या युगात कट्यार किंवा तोड्याची बंदूक ना सैन्याला हवी होती, ना बाजाराला.

दुर्मिळतेचे मोल

मागणी नसल्यानेच शस्त्रे वितळवली गेली आणि वितळवली गेल्यानेच उरलेली दुर्मिळ झाली. आधुनिक बंदुकांनाही हाच नियम लागू पडतो. अमेरिकेत 1960 च्या दशकात निघालेल्या, अग्निबाणासारखी गोळी सोडणाऱ्या ‘गायरोजेट’ला अचूकता नव्हती आणि तिचा दारूगोळाही महाग होता. खप न झाल्याने उत्पादन थांबले. आज संग्राहक तिचा शोध घेतात.

मात्र केवळ दुर्मिळता पुरेशी नसते. कारागिरी आणि मूळ ठिकाणाचा खात्रीशीर पुरावा हेही आवश्यक असतात. अमेरिकी संग्राहक जॉर्ज स्टोन यांनी जमवलेली शस्त्रे 1935 मध्ये त्यांच्या मृत्युपत्रानुसार मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाली. अशी नोंद असलेली वस्तू अभ्यासालाही उपयोगी पडते. तंजावरच्या वितळवलेल्या शस्त्रांबाबत मात्र तो मार्ग कायमचा बंद झाला.

वजनाने वाचलेली तोफ

तंजावरातच याला एक अपवाद आहे. शहराच्या पूर्व भागातील ‘पीरंगी मेडू’ या उंचवट्यावर नायककालीन घडीव लोखंडी तोफ आहे. तिची लांबी सुमारे साडेसात मीटर, तर वजन सुमारे 22 टन आहे. एवढे धूड हलवणे वा मोडणे सोपे नव्हते. ‘पीरंगी’ हा तोफेसाठीचा तमिळ शब्द आणि तलवारीसाठीचा मराठी ‘फिरंग’ यांचे मूळ एकच आहे.

कायद्याची भूमिका

कालबाह्य बनावटीची, पुराणवस्तूचे मोल असलेली आणि चालवता न येणारी बंदूक वेगळी असते, हे 1959 च्या शस्त्र कायद्यानेही मान्य केले आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी व्यक्तींना परदेशी पाठवता येत नाहीत. भंगार आणि वारसा यांतील हा भेद कायद्याने मान्य करेपर्यंत तंजावरचे शस्त्रागार केव्हाच रिते झाले होते.