नास्तिकाच्या शब्दाची किंमत
धर्मस्वातंत्र्य म्हटले की बहुतेकांच्या मनात आपापल्या देवाची उपासना करण्याची मोकळीक येते. परंतु कोणत्याच देवाला न मानणाऱ्या माणसाला कायद्यात कोणते स्थान मिळते, यावरून त्या स्वातंत्र्याची खरी पारख होते. अश्रद्धांचा, म्हणजे ईश्वराचे अस्तित्व न स्वीकारणाऱ्यांचा, छळ केवळ फास आणि तुरुंग यांनीच झाला असे नाही. एडिंबरा येथे १६९७ साली थॉमस एकेनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईशनिंदेच्या आरोपावरून फाशी देण्यात आली आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये या गुन्ह्यासाठी कोणालाही देहदंड झाला नाही. मात्र अश्रद्धांना सार्वजनिक जीवनाबाहेर ठेवणारी व्यवस्था पुढे जवळजवळ दोन शतके टिकली, आणि तिचे एक प्रमुख साधन होते शपथ.

खोटे बोलणाऱ्याला ईश्वर शिक्षा करील, हे भयच माणसाला सत्याशी बांधून ठेवते, असे शपथेमागील गृहीतक होते. त्यामुळे ज्याला हे भय नाही, त्याच्या शब्दालाही मोल नाही, असा निष्कर्ष कायद्याने काढला होता. परिणामी, आपण अश्रद्ध आहोत असे सांगणाऱ्याची साक्ष इंग्लंडमधील न्यायालये ग्राह्य धरत नसत, मग त्याच्या स्वतःच्या घरी चोरी झालेली असली तरीही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात यातील विसंगती दाखवून दिली: जो नास्तिक खोटी शपथ घेण्यास तयार असतो त्याच्यावर हा कायदा विश्वास ठेवतो, आणि जो लोकनिंदा पत्करून खरे बोलतो त्यालाच अविश्वासार्ह ठरवतो. न्यायालयांपुरता हा अन्याय १८६९ आणि १८७० च्या कायद्यांनी दूर झाला व अश्रद्धांना प्रतिज्ञेची, म्हणजे ईश्वराचा उल्लेख न करता सत्यकथनाचे वचन देण्याची, मुभा मिळाली. परंतु पार्लमेंटचे दार तेवढ्याने उघडले नाही.

ते उघडण्यासाठी चार्ल्स ब्रॅडलॉ यांना जी झुंज द्यावी लागली, ती या विषयाच्या इतिहासातील अत्यंत बोधप्रद घटना आहे. धर्म आणि राज्यसंस्था यांची फारकत व्हावी यासाठी १८६६ साली नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन करणारे ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आले आणि त्यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञेची परवानगी मागितली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी शपथ घेण्याची तयारी दर्शवली, तेव्हा तिच्यातील शब्दांना त्यांच्या लेखी अर्थ नसल्यामुळे त्यांची शपथही चालणार नाही, असा पवित्रा सभागृहाने घेतला. दोन्ही मार्ग बंद करणाऱ्या या निर्णयापुढे मान न तुकवल्याबद्दल त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कैदेत ठेवण्यात आले, पुढील वर्षी धक्के मारून सभागृहाबाहेर काढण्यात आले आणि प्रतिज्ञेला मान्यता देणारे विधेयक १८८३ मध्ये अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले. तरीही मतदारांनी १८८० ते १८८५ या काळात त्यांना पाच वेळा निवडून दिले. अखेर १८८६ मध्ये नव्या सभापतींनी हरकत घेऊ देण्यास नकार दिल्यावर ब्रॅडलॉ शपथ घेऊन आसनस्थ झाले, आणि १८८८ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांसाठी कायद्यात आला.

या संघर्षाचा भारताशीही संबंध आहे. भारताचे प्रश्न पार्लमेंटमध्ये सातत्याने मांडणारे ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये राष्ट्रीय सभेच्या मुंबई अधिवेशनास उपस्थित राहिले आणि १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करणारे तरुण गांधी त्यांच्या अंत्यविधीस गेले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश यांच्यासाठी ईश्वराला स्मरून शपथ आणि ईश्वराच्या उल्लेखाविना प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय समान पातळीवर दिलेले आहेत, तर अनुच्छेद २५ मध्ये धर्माच्या आधी सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा निर्देश आहे. याच अनुच्छेदाच्या आधारे, कोणत्याही नागरिकाला सरकारी अर्जात धर्म नमूद करण्याची सक्ती करता येणार नाही व आपला कोणताच धर्म नाही असे सांगण्याचा त्याला अधिकार आहे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला.

जगात सर्वत्र मात्र ही स्थिती नाही. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे अठरावे कलम विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याची हमी देते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये या स्वातंत्र्याचे संरक्षण निरीश्वरवादी मतांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले आहे. असे असूनही सौदी अरेबियाने २०१४ मध्ये नास्तिक विचारांचा प्रसार दहशतवादाच्या व्याख्येत घातला, तर नायजेरियातील मानवतावादी कार्यकर्ते मुबारक बाला यांना समाजमाध्यमांवरील लेखनाबद्दल २०२२ मध्ये चोवीस वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली, जी २०२४ मध्ये अपिलात पाच वर्षांवर आली.

शिक्षेच्या भयाने ओठांवर ईश्वराचे नाव आणता येते, अंतःकरणात श्रद्धा रुजवता येत नाही. म्हणून अशा कायद्यांनी श्रद्धा वाढत नाही, केवळ ढोंगाला अभय मिळते आणि प्रामाणिकपणाची शिक्षा भोगावी लागते. नास्तिकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो तेव्हाच श्रद्धावंताच्या ‘होय’ला स्वेच्छेचे मोल येते, आणि त्यामुळे या अधिकाराचे रक्षण करणे ही श्रद्धावंतांचीही तितकीच जबाबदारी आहे.