ज्येष्ठांच्या हातातला मोबाइल : तीन दशकांचा मागोवा

महाराष्ट्रातील साठी ओलांडलेल्या माणसांच्या घरात मोबाइल केव्हा आला आणि त्याच्यावाचून त्यांचे अडू केव्हा लागले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकाच कालखंडात सापडत नाहीत. यंत्र घरात आले ते मुख्यतः २००३ नंतरच्या स्वस्ताईमुळे. अडू लागले ते २०१० नंतर, जेव्हा बँका, निवृत्तिवेतन कार्यालये, रास्त भाव दुकाने आणि महसूल खाते यांनी माणसाची ओळख हळूहळू त्याच्या मोबाइल क्रमांकाशी जोडून टाकली. पहिल्या टप्प्यात वृद्ध माणूस मोबाइलवर विसंबला तो आपल्या माणसांसाठी, तर दुसऱ्या टप्प्यात त्याला विसंबावे लागले ते संस्थांसाठी. हा फरक लक्षात न घेता ज्येष्ठांच्या तंत्रस्नेहाचे नुसते कौतुक करणे म्हणजे या काळाचा अर्धाच इतिहास सांगणे होय. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के होते, त्यामुळे हा प्रश्न मूठभरांचा मानता येत नाही.

भारतातील मोबाइल सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्यातील संभाषणाने झाला. त्या दिवशी बसू ८१ वर्षांचे आणि सुखराम ६८ वर्षांचे होते, म्हणजे आजच्या कायद्याच्या व्याख्येने देशातील हे पहिले मोबाइल संभाषण दोन ज्येष्ठ नागरिकांमध्येच झाले. मात्र सामान्य घरातल्या ज्येष्ठांपर्यंत ही सोय पोहोचायला पुढची आठ-दहा वर्षे जावी लागली. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडत असे आणि आलेला फोन उचलणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत, त्यामुळे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने तो जवळ बाळगण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षांत वृद्ध आईवडिलांचा आधार होता तो घरातला तारेचा फोन, आणि तो नसेल तर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ, जिथे रात्री दर उतरले की रांग लागे. गावाकडे मुंबईच्या मुलाचा फोन शेजाऱ्याकडे किंवा किराणा दुकानात येई, निरोप्या पोरगा धावत घरी जाई, आणि तोवर पलीकडचा माणूस फोन ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा लावी. परदेशी गेलेल्या मुलांचे पुण्यातले आईवडील रविवार सकाळच्या एका फोनवर आठवडा काढत. या सगळ्या व्यवहारात बोलणे थोडे होते, पण मध्ये कुणीतरी ओळखीचे माणूस होते, ही गोष्ट पुढच्या काळाच्या तुलनेत महत्त्वाची ठरते.

मे २००३ पासून आलेला फोन मोफत झाला आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने हा तीन दशकांतला सर्वांत उपकारक निर्णय म्हणावा लागेल, कारण मोबाइल बाळगण्याचा खर्च त्यामुळे जवळजवळ मुलांकडे गेला. त्याच वर्षी आलेला नोकियाचा ११०० हा बटणांचा फोन, ज्याला विजेरी होती आणि ज्याच्या कळफलकात धूळ सहजी शिरत नसे, तो खेड्यापाड्यांत घरोघरी दिसू लागला. मुलगा नवा संच घेई आणि जुना आईवडिलांकडे येई, अशीच बहुतेक ज्येष्ठांची सुरुवात झाली. हिरवे बटण दाबले की बोलायचे आणि लाल दाबले की ठेवायचे, एवढ्या दोन खुणांवर अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा फोन चालवू शकत होती. एकच घंटी देऊन ठेवून द्यायचे, म्हणजे पलीकडचा समजून उलट फोन करील, ही ‘मिस्ड कॉल’ची पद्धत तर पैशाविना निरोप पोहोचवण्याची सर्वमान्य रीत झाली. पुरुषांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात आणि बायकांच्या कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीशेजारी, फोन जाऊन बसला. संचाच्या पाठीवर चिकटपट्टीने लावलेल्या चिठोऱ्यावर थोरल्या मुलाचा, लेकीचा आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिलेला असे. कोकणातल्या ज्या वाड्यांत माणसे म्हणून म्हातारीकोतारीच उरली होती, तिथे रेंज मिळणारी जागा, मग ते एखादे सड्यावरचे कातळटोक असो वा खळ्याचा कोपरा, रोजच्या उठण्याबसण्याचा भाग बनली. या काळात ज्येष्ठांचा मोबाइल मुख्यतः ऐकण्याचा होता, आणि तो बंद पडला तर काळजी वाढे, पण कोणतेही काम अडत नसे.

यंत्राची जडणघडण ज्येष्ठांच्या शरीराशी कितपत जुळते, याकडे त्या स्वस्ताईच्या लाटेत कोणी फारसे पाहिले नाही. वाढत्या वयात कान प्रथम वरच्या वारंवारितेचे, म्हणजे बारीक आणि तीक्ष्ण, ध्वनी गमावतो, आणि स, श, फ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती प्रामुख्याने याच ध्वनींमुळे. जुन्या टेलिफोन यंत्रणेतून साधारणतः ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असल्यामुळे जे कानाने आधीच गमावले होते ते तारेनेही गाळले. “आवाज येतो, पण शब्द कळत नाही” ही ज्येष्ठांची तक्रार म्हणूनच अगदी नेमकी आहे, आणि बोलणाऱ्याने आवाज चढवल्याने ती मिटत नाही. चौथ्या पिढीच्या, म्हणजे फोर-जी, जाळ्यावरील संभाषणात हा पट्टा जवळपास दुप्पट झाला, हा अनेकांना न जाणवलेला पण खरा लाभ होता. स्पर्शपटलाने, अर्थात टचस्क्रीनने, मात्र नवी अडचण आणली. बोटाच्या त्वचेतून होणाऱ्या सूक्ष्म विद्युतबदलावर हा पडदा चालतो. वयाने कोरडी पडलेली किंवा कष्टाने घट्टे पडलेली त्वचा त्याला नीट जाणवत नाही, आणि बोट थरथरत जरा जास्त वेळ टेकले तर साध्या स्पर्शाऐवजी भलतीच आज्ञा दिली जाते. बटण दाबल्याची जी खात्री बोटाला मिळत असे ती इथे नाहीशी झाली, आणि दाबले गेले की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा दाबणारा ज्येष्ठ माणूस ‘याला जमत नाही’ म्हणून घरातच ओशाळू लागला.

तरीही २०१६ नंतरच्या काही वर्षांत ज्येष्ठांनी स्मार्टफोन आपलासा केला, आणि तो सक्तीपोटी केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस व्हॉट्सॲपवर दृश्यसंवाद, म्हणजे व्हिडिओ कॉल, सुरू झाला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठी बोलून टंकलेखन करण्याची सोय दिली. या तिसऱ्या सोयीचे मोल मोठे आहे, कारण ज्या पिढीला मराठी कळफलक कधी शिकवला गेला नव्हता, तिला एकदम लिहिता येऊ लागले. गुडघ्यांनी जिना बंद केलेल्या बायकांना भजनी मंडळाचा गट, शाळेतल्या मैत्रिणींचा गट आणि पंढरपूरचे थेट दर्शन हातात मिळाले. दृष्टी मंदावलेल्या वाचकांना बोलती पुस्तके मिळाली. आणि नातवाचा चेहरा दिसू लागल्यावर रविवारच्या फोनची वाट पाहणे संपले. सकाळच्या सुप्रभात संदेशांना तरुण मंडळी कंटाळतात, पण एकट्या राहणाऱ्या माणसाचा तो संदेश दहा वाजेपर्यंत आला नाही की गटातले कोणीतरी चौकशी करते, एवढे तरी त्या टीकेत ध्यानात घ्यायला हवे. याच काळाची काळी बाजूही महाराष्ट्रानेच पाहिली: १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. छापलेले ते खरे, या विश्वासावर वाढलेल्या वाचकाला आलेला मजकूर तपासायचा असतो हे कोणी शिकवले नव्हते.

ज्येष्ठांच्या मोबाइलचा स्वभाव खऱ्या अर्थाने पालटला तो ओळखपत्रांच्या मार्गाने, आणि त्याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा भर बोटांच्या ठशांवर आणि डोळ्यांच्या बुबुळांवर होता. मोबाइल क्रमांक ही नोंदीतली दुय्यम बाब होती. पुढे मात्र प्रत्येक व्यवहाराला ओटीपी, म्हणजे फोनवर येणारा, एकदाच वापरायचा आणि काही मिनिटांत बाद होणारा सांकेतिक आकडा, लागू लागला आणि दुय्यम बाब मुख्य झाली. शेतीत आणि धुण्याभांड्यांत आयुष्य गेलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे रेशन दुकानातल्या यंत्रावर ‘अंगठा उठत नाही’ हे नित्याचे झाले. त्यावर पर्याय दिला गेला तो नोंदवलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीचा, आणि तो मोबाइल अनेकदा मुंबईला गेलेल्या मुलाचा किंवा केव्हाच बंद पडलेल्या सिमकार्डाचा असे. घरात एकच फोन आणि त्यावर चौघांच्या खात्यांची नोंद, ही ग्रामीण कुटुंबातील रीत होती. तिच्यामुळे सासूच्या पैशाचा आकडा सुनेच्या फोनवर येऊ लागला, आणि कुटुंबातल्या जुन्या ताणांना एक नवे कारण मिळाले.

हयातीचा दाखला हे या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. निवृत्तिवेतनधारक जिवंत असल्याची खात्री दरवर्षी नोव्हेंबरात करून द्यावी लागते आणि पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन सही करावी लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल व्यवस्था सुरू केली आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला देता येऊ लागला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीत बसवून बँकेत नेण्याचे हाल यामुळे वाचले, हे मान्य करायलाच हवे. परंतु कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून उघडायला सांगणारी ही पद्धत डोळ्यांचे विकार असलेल्यांना गोंधळात टाकते. डोळे मिचकावण्याच्या अशाच अटीमुळे ग्राहक ओळख पडताळणीत, म्हणजे केवायसीत, अडलेल्या ॲसिडहल्लाग्रस्तांच्या आणि अंधांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला. शेतकऱ्यांच्या बाबतीत सरकारी नोंद मोबाइलवर आणण्याची हीच गोष्ट १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने घडवली. पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद करी; आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून ॲपमधून उभ्या पिकाचे छायाचित्र काढून ती करायची आहे. सत्तरीतला खातेदार यासाठी गावातल्या एखाद्या पोराच्या गाडीवर मागे बसून त्याला शिवारात नेतो, तिथे रेंज नसते, आणि नोंद राहिली तर नुकसानभरपाईच्या वेळी हेलपाटे पडतात.

करोनाकाळाने ही गती एकदम वाढवली. मार्च २०२१ मध्ये साठ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले तेव्हा नोंदणीचे कोविन संकेतस्थळ इंग्रजीत होते, आणि मराठीसह प्रादेशिक भाषा त्यावर आल्या त्या जूनमध्ये. ज्यांची पाळी आधी होती त्यांची भाषा नंतर आली. केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवण्याची मुभा होती म्हणूनच हजारो ज्येष्ठांची लस चुकली नाही.

मोबाइल चालू ठेवण्याचा खर्चही पुन्हा ज्येष्ठांकडेच आला. आजीवन वैधतेचे जे प्लॅन २००६ च्या सुमारास विकले गेले होते, त्यांचा अर्थ २०१८ पासून संपत गेला आणि दर २८ दिवसांनी किमान रिचार्ज केला नाही तर आलेले फोनही बंद होऊ लागले. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्याला न लागणाऱ्या डेटाचे पैसे भरावे लागत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांचे वेगळे प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि जानेवारी २०२५ पासून ते मिळू लागले. ही सुधारणा योग्य असली तरी ती येण्यास फार उशीर झाला, आणि या प्लॅनची रक्कम एकदम भरणे निराधार योजनेच्या पैशावर जगणाऱ्याला आजही जड जाते.

बँका आणि सरकारी कार्यालयांनी फोनवरून आज्ञा देण्याचा जो अधिकार आणला, तो फसवणूक करणाऱ्यांनी बरोबर ओळखला. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जो प्रकार २०२४ मध्ये सर्वतोमुखी झाला, त्यात पोलीस किंवा तपास यंत्रणेचा गणवेश घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या आधारवर गुन्हा नोंदला आहे असे सांगतो आणि तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवून आयुष्याची पुंजी वळती करायला लावतो; भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. यात फसलेल्यांना भोळे म्हणण्याची घाई होते, परंतु ज्या माणसाला दहा वर्षे बँकेपासून पेन्शनपर्यंत प्रत्येक कार्यालयाने फोनवरच्या आज्ञा पाळायला लावल्या, त्याने फोनवरची आणखी एक आज्ञा पाळली, तर त्यात नवल नाही. पैसे गेल्यावर लगेच १९३० या मदत क्रमांकावर कळवावे, हे आता सर्वत्र सांगितले जाते आणि ते आवश्यकच आहे. तथापि या गुन्ह्यांत पैसे वेळीच वाचल्याची जी प्रकरणे पुढे आली, त्यांतील काहींमध्ये घाबरलेला ठेवीदार मुदत ठेव मोडायला शाखेत आला होता आणि खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने त्याचा चेहरा पाहून, एवढी रक्कम कोणासाठी हवी आहे, अशी चौकशी केली होती.