पानक : चिकपेटेतले आणि परेड मैदानावरचे

रामनवमीला चिकपेटेतून चालत गेलात तर तहानलेले राहणे कठीण. देवळांपुढे आणि कापडाच्या दुकानांच्या पायऱ्यांवर मोठमोठी स्टीलची पातेली मांडलेली असतात. गिऱ्हाईक असो, हमाल असो, रिक्षावाला असो, येईल त्याच्या हातात पेला मिळतो. पेल्यात पानक असते, नाहीतर मज्जिगे, म्हणजे मसाल्याचे ताक. सोबत द्रोणात कोसंबरी : भिजवलेली मूगडाळ, काकडी, खोबरे आणि मोहरीची फोडणी.

मराठी माणसाला हे ओळखीचे वाटायला हवे. आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे आणि आंबेडाळ देतात. कानडी ‘पानक’ आणि मराठी ‘पन्हे’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘पानक’ या एकाच शब्दातून आले. महिना तोच, जोडीला डाळही तीच पद्धतीची. फरक एवढाच की आपण आंबटपणासाठी कैरी घेतली आणि बंगळूरने लिंबू. चिकपेटेतल्या जुन्या मराठी घरांत दोन्ही होतात. मराठी माणसे इथे आजकालची नाहीत. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. केंपेगौडांनी वसवलेल्या पेठांमध्ये मराठी बोलणे तेव्हापासून ऐकू येते. आमचे आजोळ तिथलेच, त्यामुळे खालचे प्रमाण आजीच्या हातचे आहे.

एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम गूळ, तीन कागदी लिंबांचा रस, पाव चमचा सुंठपूड, चार वेलदोडे, पाच-सहा मिरे आणि चिमूटभर मीठ. चमचा म्हणजे चहाचा, सपाट. गूळ किसून पाण्यात विरघळवायचा आणि फडक्यातून गाळायचा. हे गाळणे टाळू नये, कारण चांगल्या दिसणाऱ्या गुळातूनही चोथा आणि कधीकधी वाळू निघते. मग कुटलेला मसाला घालायचा, आणि लिंबू सर्वांत शेवटी. लिंबू पिळताना साल पार चुरगळेपर्यंत दाबू नये. सालीतले तेल आणि चिरडलेल्या बिया यांनी पानक कडू होते, आणि थोडा वेळ ठेवल्यावर तो कडवटपणा वाढतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम नको, लिंबाचे आम्ल धातूला लागते.

गूळ लवकर विरघळावा म्हणून पाणी गरम केले तरी चालते, पण लिंबू ते थंड झाल्यावरच पिळायचे. याचे कारण आपल्यासारख्यांना आवडेल असे आहे. 1747 मध्ये जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे मिळाली तेच झपाट्याने बरे झाले. 1795 पासून ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस रोजच्या शिध्यात घातला आणि स्कर्व्ही जवळजवळ संपली. पुढे आरमाराने वेगळ्या जातीचे, स्वस्त लिंबू घेतले. त्याचा रस साठवून ठेवला जाई आणि तांब्याच्या नळ्यांतून जाई, त्यात ‘क’ जीवनसत्त्व फारसे उरत नसे. 1875 च्या उत्तर ध्रुवाकडच्या ब्रिटिश मोहिमेत हा रस पिऊनही माणसे स्कर्व्हीने आजारी पडली. नाव लिंबाच्या रसाचे होते, गुण गेलेला होता. उष्णता, हवा आणि तांबे हे ‘क’ जीवनसत्त्वाचे शत्रू, म्हणून ताजे पिळा आणि लगेच प्या.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. एप्रिलमध्ये क्रॉसकंट्रीचा सराव किंवा दोन पिरियड ड्रिल झाले की अंगातून तासाला एक लिटरच्या आसपास, कधी जास्तही, घाम जाऊ शकतो. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. बराच वेळ घाम गाळून वर नुसतेच पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ आणखी पातळ होते, आणि डोकेदुखी, मळमळ सुरू होते. प्रमाण फार बिघडले तर जिवावर बेतते. म्हणून मीठ हवे. पण साखर कशाला?

याचे उत्तर 1960 मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने दिले. लहान आतड्याच्या भिंतीत एक दार असे आहे की त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. बडी सिस्टिमच म्हणा. या एका गोष्टीवर जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, उभी आहे. 1971 मध्ये बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज आणि मिठाचे पाणी ड्रममध्ये भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्या छावणीत 4 टक्क्यांच्या खाली आले.

मात्र साखर जास्त झाली की हाच उपाय उलटा पडतो. फार गोड पेय पोटात रेंगाळते आणि पाणी रक्तात जायला उशीर होतो. बाटलीबंद गोड पेयात 100 मिलीला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. आणि खरे सांगायचे तर आजीच्या पानकातही जवळजवळ तेवढाच गूळ आहे! तो सणाचा प्रसाद आहे, एक पेला पिऊन पुढे जायचे असते. मैदानासाठी माझे मत असे की गूळ 40 ते 50 ग्रॅमवर आणावा, मीठ पाव चमचा करावे, मिरे दोनच ठेवावेत आणि लिंबू दोन पुरे. चव थोडी खारट लागते. पहिल्या घोटाला सेक्शनमधले सगळे तोंड वाकडे करतात, घाम आलेला असला की दुसऱ्या घोटाला कोणी बोलत नाही.

जुलाब-उलट्या होत असतील तर पानक नको. तिथे ओआरएसचे पाकीटच वापरावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. इथे अंदाज चालत नाही. आणि उन्हात कोणी अडखळत चालू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि उस्तादांना सांगून लगेच एमआय रूमला हलवावे. तो उष्माघात असू शकतो आणि त्यात एकेक मिनिट मोलाचे असते.

पालकांसाठी दोन गोष्टी. सुट्टीत घरी पानक कराल तेव्हा बाहेरचा लादीचा बर्फ घालू नका, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. माठ पुरतो. बंगळूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये माठातले पाणी छान गार होते, कोकणातल्या दमट हवेत तेवढे होत नाही. दुसरे, सुंठ-वेलदोड्याची पूड आणि किसलेला गूळ यांचे वेगवेगळे डबे मुलांच्या ट्रंकेत देता येतात. लिंबे इथे मिळतात. तयार पानक मात्र बाटलीत भरून पाठवू नका. गुळाचे पाणी उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबायला लागते, आणि बूच उघडताना ते हॉस्टेलच्या भिंतीवर उडते.