हिरवे बटण दाबण्यापूर्वी

सावदा म्हटले की केळी आठवतात. रावेर तालुक्यातल्या या गावाचा माल रेल्वेने आणि ट्रकने उत्तर हिंदुस्थानात जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या केळीच्या घडामागे उभ्या असलेल्या एका वस्तूकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे विहिरीवरच्या किंवा ट्यूबवेलवरच्या खोपटात टांगलेली लोखंडी पेटी. मोटरचे सारे तंत्र तिच्यात असते.

मे महिन्यात खानदेशात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा वाढलेल्या केळीच्या एका झाडाला ठिबकने रोज वीस लिटरच्या आसपास पाणी लागते. पाच फुटांवर लागण केली तर एकरी सतराशे-अठराशे झाडे होतात. म्हणजे एका एकराची रोजची तहान पस्तीस हजार लिटर! शेतीपंपाची वीज मात्र ठरावीक तासच असते, कधी दिवसा तर कधी रात्री. त्या तासांत मोटर चालली नाही तर बाग माना टाकू लागते. त्यामुळे पेटी बिघडली की घरातल्या सगळ्यांचाच जीव खालीवर होतो.

ही पेटी बहुधा कारखान्यातून जशी आली तशी राहिलेली नसते. मूळचा स्टार्टर विकत आणलेला असतो. मग वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून कोणी 'ऑटो' जोडतो. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत काही भागांत गावाला सिंगल फेज वीज मिळे. तिच्यावर तीन फेजची मोटर फिरवण्यासाठी अनेकांनी कपॅसिटरची जोडणी केली. पुढे एखादा दिवा, एखादा प्लग, फवारणीच्या पंपासाठी एखादी तार अशी भर पडत जाते. दहा वर्षांनी पेटी उघडली की आत तारांचा गुंता दिसतो आणि त्याचा नकाशा कोणाकडेच नसतो. ज्याने जोडले तोही विसरलेला असतो.

या गुंत्यात काही भाग मोटर चालवण्यासाठी असतात आणि काही ती थांबवण्यासाठी. नो-व्होल्ट कॉइल वीज गेल्याबरोबर पकड सोडते, म्हणजे वीज परतल्यावर मोटर एकाएकी सुरू होत नाही. ओव्हरलोड रिले मोटर जास्त प्रवाह ओढू लागली की ती बंद करतो. तीनपैकी एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांतला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळू शकते. ते टाळण्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. घोटाळा होतो तो इथेच. मोटर चालेना की पहिला संशय या राखणदारांवर जातो. रिले सारखा पडतो ना, मग त्याला बगल द्या. फ्यूज वारंवार उडतो ना, मग जाड तार घाला. बटण दाबले, मोटर फिरली, सगळे समाधानाने घरी गेले. वास्तविक दुरुस्ती झालेलीच नसते. ओरडणाऱ्याचे तोंड तेवढे बंद केलेले असते.

खरी दुरुस्ती धिम्या चालीची असते. पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि तिन्ही किटकॅट काढून चक्क खिशात ठेवावीत, म्हणजे मागून येणारा कोणी सहज स्विच ओढणार नाही. 'ऑटो' असलेल्या पेटीत तर याला पर्यायच नाही. त्यानंतर आत वीज खरोखरच नाही ना, हे पाहावे. नुसता टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. आतला निऑन गेलेला असतो, भर उन्हात त्याचा उजेड दिसत नाही, कोरड्या चपलांमुळेही तो पेटत नाही. म्हणून टेस्टर आधी चालू तारेवर पाहावा, मग पेटीत लावावा आणि पुन्हा चालू तारेवर पाहून घ्यावा. कपॅसिटर तर वीज बंद झाल्यावरही साठा धरून बसतो. तो दिव्यातून रिता केल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पहिली तपासणी डोळ्यांनी आणि नाकाने होते. काळवंडलेले टोक, वितळलेले आवरण, सैल स्क्रू, जळका वास, पॉइंटांत अडकून मेलेली पाल, मुंग्यांची माती यांत निम्मे बिघाड सापडतात. ॲल्युमिनियमची तार पितळी स्क्रूखाली कालांतराने सैल होते. अशा सांध्यावर रिकाम्या वेळी दाब पूर्ण दिसतो आणि मोटर सुरू होताच तो कोसळतो.

पुढची तपासणी चालू लाइनवरची, म्हणून ती जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्यामुळे एक दिवा पुरत नाही. सारख्याच वॅटचे दोन दिवे एकामागे एक जोडून तिन्ही जोड्या पाहतात. तिन्ही वेळा सारखा उजेड पडला तर येणारी लाइन ठीक. एकच जोडी पेटली तर एक फेज गेला. मग बिघाड आपल्या पेटीत नाही, तो कटआऊटमध्ये किंवा डीपीवर आहे. तिथे वीज कंपनीला कळवावे. खांबावर चढणे आपले काम नव्हे.

लाइन ठीक असेल तर लक्षणे बोलू लागतात. बटण दाबून धरले की मोटर चालते आणि सोडले की थांबते, तर होल्डिंगचा पॉइंट पाहावा. कॉइल घुरघुरते, तर दाब कमी आहे किंवा कॉइलच्या लोखंडावर धूळ बसली आहे. काहीच हालचाल नाही, तर रिले पडलेला आहे का ते आधी बघावे आणि मग लाल बटणापासून कॉइलपर्यंत एकेक तुकडा तपासत जावे. रिले पुन्हा पुन्हा पडत असेल तर वीज बंद करून मोटरची केबल सोडवावी आणि ५०० व्होल्टच्या मेगरने तिचा जमिनीशी रोध मोजून घ्यावा. तो एक मेगओमच्या खाली आला तर पाण्यातला सांधा किंवा वाइंडिंग ओलावले आहे, असे समजावे. तेव्हा रिले खरेच बोलत होता!

शेवटी अर्थिंग. एखादी तार पेटीच्या पत्र्याला लागली तर फ्यूज उडेल, असा सर्वांचा समज असतो. गणित वेगळे सांगते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याचा रोध वीस ओहम झाला, तर २४० व्होल्टला त्यातून फक्त बारा अँपिअर प्रवाह जातो. पंधरा अँपिअरचा फ्यूज तसाच शाबूत राहतो आणि पत्रा जिवंत राहतो. माणसाचा जीव घ्यायला तर एक अँपिअरचा काही शतांश भागही पुरतो. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे, आणि गळता प्रवाह ओळखून लाइन तोडणारा ब्रेकर बसवून घ्यावा. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

हे सारे करायला एक दुपार जाते. त्याच दुपारी पेटीतल्या तारांना क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावून, झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा काढून ठेवला तर पुढच्या बिघाडाला वेळ वाचतो. रात्री बाराला लाइन येते तेव्हा पेटीशी जाणारा माणूस झोपेत असतो, पायाखाली ओल असते आणि हातात टॉर्च असतो. कधी तो घरातला मुलगा असतो, कधी सालदार. पाणी बागेला पोचले पाहिजे हे खरेच, पण ते सोडायला गेलेला माणूसही घरी पोचला पाहिजे. त्या दोन्हींची हमी असेल, तेव्हाच पेटी दुरुस्त झाली म्हणावे.