बत्ताशीचं पाणी

पहाटे साडेपाच. नळाला पाणी दिवसाआड येतं, आज आमच्या गल्लीची पाळी. तिघरा धरणाच्या पाण्याला उन्हाळ्यात औषधाचा वास जरा जास्तच मारतो. आपण पितो, पण बत्ताशीला ते सोसत नाही. बेडूक कातडीतूनच पाणी शोषतो, क्लोरीन थेट अंगात जातं. म्हणून पहिल्या दोन बादल्या अंगणातल्या रांजणात. उघड्या रांजणात दिवसभरात क्लोरीन उडतं आणि पाणी गारही होतं. गच्चीवरच्या टाकीतलं जूनमधलं पाणी म्हणजे चहाचं आधण. घाईच्या वेळी क्लोरीन मारायला हायपोचे खडे आहेतच, पण माझा भरवसा रांजणावर.

बत्ताशी म्हणजे पांढरी, लाल डोळ्यांची आफ्रिकन बेडकी. लेकानं चार वर्षांपूर्वी आणली तेव्हा रुपयाएवढी होती. दुकानदार म्हणाला, ड्वार्फ फ्रॉग आहे, अंगठ्याएवढाच राहील, माशांत खुशाल सोडा. मग एकेक करून आठ गप्पी नाहीसे झाले. ड्वार्फच्या पुढच्या पायांनाही बोटांमध्ये पडदा असतो. हिची पुढची बोटं सुटी, मागच्या बोटांना नखं. हे आधी पाहायचं असतं, आम्ही नंतर पाहिलं. आता ती माझ्या मुठीत मावत नाही आणि लेक पुण्याला शिकतोय. ही जात पंधरा वर्षं सहज जगते. नदी-तळ्यात सोडून द्यायची सोय नाही. फ्रान्स आणि चिलीमध्ये सोडलेल्यांनी तिथे वसाहतीच केल्यात.

दहा वाजता शिलाई मशीनवर बसते. लश्कर भागातल्या या जुन्या घराच्या तळमजल्याला जाड दगडी भिंती आहेत, म्हणून बत्ताशीची टाकी इथेच, माझ्या डाव्या हाताला. तीन फूट लांब, पाणी दहा इंच. खोल नको, कारण श्वासाला तिला वर यावं लागतं. तळाला बारीक खडी नाही. घासाबरोबर गिळते आणि पोटात अडकते. मुठीएवढे गोटे आहेत, आणि दडायला एक फुटकी कुंडी आडवी. झाकणाच्या जाळीवर पाट्याचा वरवंटा. एका रात्री तो ठेवायचा राहिला, तर सकाळी बाई पलंगाखाली, अंगाला केर चिकटलेला.

आज एक गर्भार गिऱ्हाईक ब्लाउज सैल करायला आली. तिला सांगितलं, 1930च्या दशकापासून तीसेक वर्षं दवाखान्यांत याच जातीच्या माद्या ठेवत. बाईची लघवी मादीला टोचायची. दिवस गेले असतील तर दुसऱ्या सकाळपर्यंत ती अंडी घालायची. सासूबाई आतून म्हणाल्या, "मग हिला काहीतरी कामाला लाव की, नुसती बसून खाते!"

दुपारी एक ते पाच. खरी ड्यूटी ही. बाहेर 44, लू सुटलेली, रस्त्यावर कुत्रंही नाही. बत्ताशीला सुखाचं तापमान 18 ते 22. ते जूनमध्ये ग्वाल्हेरात कुठून आणायचं? 26च्या वर पारा गेला की माझा जीव वर-खाली होतो. टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावते, टाकीच्या तीन बाजूंना ओलं मांजरपाट, जाळीवर खसाचा तुकडा. पाणी उडतं तसं गार होतं, रांजणाचाच न्याय. तरी चढलं तर बर्फाची बाटली तरंगत ठेवायची, एकच. एकदम गार झालं तरी तिला धक्का बसतो. वीज गेली की मासेवाले हवेच्या पंपासाठी कासावीस होतात. मला पंपाची फिकीर नाही, ती फुप्फुसांनी श्वास घेते. मला पंखा हवा असतो. आज चाळीस मिनिटं वीज नव्हती. पुठ्ठ्यानं वारा घातला, तोंडात टाचण्या धरून.

साडेसहा. जेवण, आठवड्यातून तीनदाच. खायला घालणं सोपं, न घालणं अवघड. माणूस दिसला की काचेशी येऊन उभी राहते. झाडाच्या कुंडीतलं गांडूळ धुऊन, दोन तुकडे करून सोडलं. ती तुकड्याकडे बघतसुद्धा नाही. पाणी हललं की तिला अंगावर कळतं. दोन्ही कुशींना धावदोरा घातल्यासारखी बारीक टाक्यांची ओळ आहे, ते तिचं त्यासाठीचं इंद्रिय. माझ्यापेक्षा सारखे टाके. जीभ नाही, म्हणून दोन्ही हातांनी गांडूळ तोंडात कोंबते, अगदी पंगतीत उशिरा बसलेल्या भटजीसारखी. उरलेलं दहा मिनिटांत काढून टाकायचं, नाहीतर पाणी नासतं. मग दोन बादल्या जुनं पाणी तुळशीला, रांजणातलं टाकीत, आणि साबणानं कोपरापर्यंत हात. बेडकाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

नऊ. आभाळ भरून आलं, पहिली सर आली. गल्लीतली पोरं नाचतायत, कोणीतरी भज्यांचं तेल तापवलंय. नाल्याकडून देशी बेडकांचं डराव सुरू झालं. बत्ताशी कात टाकत होती. सदरा डोक्यावरून ओढावा तशी ओढली आणि गिळून टाकली.

अकराला पारा पाहिला, 27. पंखा जोरात फिरतोय, पण हवेत एवढी ओल की पाणी उडेचना. लू परवडली, हा दमट काळ नको. सासूबाईंचा आमरसाचा डबा फ्रीझरमधून काढला आणि त्या जागी तीन बाटल्या आडव्या ठेवल्या.